डाव्या बाजूचा पट्टा

"थांब गं जरा, उतरतोय मी," मी फोनवर मुलीला म्हणालो.

"बाबा, जिना उतरताना फोन कशाला घेता? पडाल कुठेतरी."

"जिना नाही. विमान उतरवतोय. आठशे फुटांवर आहे, बोलू नकोस."

ती बिचारी गप्प बसली. चाकं टेकली, विमान दोनदा उसळलं, धावपट्टी सोडून गवतात शिरलं आणि एकदाचं थांबलं.

"उतरलात?"

"उतरलो. माणसं वाचली, गवत गेलं."

ती हसली. मग नेहमीची चौकशी झाली. जेवलात का, गोळ्या घेतल्या का, गुडघा काय म्हणतो. तीन मिनिटांत आमचं बोलणं आटोपतं. तिचा दोष नाही, तिच्यामागे नोकरी आहे, दोन पोरं आहेत. आणि माझ्याकडे तरी रोज नवीन काय असणार? गुडघा काल म्हणत होता तेच आज म्हणतो.

कॉम्प्युटर तिचाच जुना. तिची आई गेली तेव्हा जावयाने त्यात हा विमानाचा खेळ भरून दिला, एक दांडी जोडून दिली आणि म्हणाला, "बाबा, वेळ जाईल." पाच वर्षं मी त्यावर टॉवेल वाळत घातले. गेल्या वर्षी गुडघ्याचं ऑपरेशन झालं, दोन महिने घरात अडकलो, तेव्हा टॉवेल काढला.

एकतीस वर्षं मी विमानं रंगवली. हँगरमध्ये मचाणावर उभं राहून नाकापासून शेपटीपर्यंत विमानाचा इंच न् इंच हाताखालून घातला, पण उडत्या विमानात एकदाही बसलो नाही. कंपनीचा पास मिळायचा. दोनदा काढलाही. दोन्ही वेळा बायको म्हणाली, "पुढच्या वर्षी जाऊ." मग कंपनी बंद पडली आणि पुढचं वर्ष आलंच नाही.

या खेळातली खरी गंमत मला उशिरा कळली. जगभरातली माणसं आपापल्या घरी बसून या खेळासाठी विमानं बनवतात आणि फुकट वाटतात. फुकट ते पौष्टिक म्हणतात, पण मी फुकट मिळालेल्या रंगाचा डबा नेहमी आधी हुंगून बघणारा माणूस. म्हटलं, यात काहीतरी गोम असणार. गोम नव्हती. दोन पंख्यांचं एक छोटं विमान चौघांनी मिळून सहा वर्षं खपून बनवलं होतं. त्यातला एक दातांचा डॉक्टर. दिवसभर लोकांच्या तोंडात बघायचं आणि संध्याकाळी कॉकपिटमधली बटणं कोरायची! वर खाली लिहिलेलं, "काही चुकलं असेल तर सांगा." अशी माणसं मला नोकरीत भेटली असती तर मी निवृत्तच झालो नसतो.

काही जण विमान बनवत नाहीत, नुसते त्याचे रंग बनवतात. त्याला लिव्हरी म्हणतात. विमान एकच, कंपनीगणिक त्याचे कपडे वेगळे. हे मात्र माझं राज्य. रोज दुपारी मी नेटवरून दोन-तीन लिव्हऱ्या उतरवून घेतो, विमान उभं करतो आणि भोवती फिरून बघतो. उडवणं नंतर. बहुतेकांना पोटाखालचे तेलाचे ओघळ काढायचं सुचत नाही. नाकावरचा रंग वाऱ्याने आधी उडतो, हेही पुष्कळांना माहीत नसतं. पण एका पठ्ठ्याने इंजिनामागची काजळी इतकी अचूक काढली होती, की माझा हात खिशातल्या फडक्याकडे गेला. "शाब्बास रे," मी मोठ्याने म्हणालो. घरात बोललेला तो दिवसाचा पहिला शब्द होता.

मागच्या महिन्यात यादी चाळताना आमच्या कंपनीचं नाव दिसलं.

बंद पडून एकोणीस वर्षं झालेली कंपनी. सात विमानं होती. आता तिचं नाव सांगितलं तर लोक विचारतात, "पंख्यांची का?" आणि इथे, कोणा 'पाकोळी' नावाच्या अनोळखी माणसाने तिचं विमान रंगवून फुकट ठेवलं होतं. मी ते उतरवून घेतलं. विमान उभं राहिलं. पांढरं अंग, निळा पट्टा, शेपटीवर आमचा तो जाडजूड पक्षी, ज्याला आम्ही कोंबडी म्हणायचो. खाली विमानाचा नंबर. पाच नंबर!

मी खुर्चीतून उठलो. स्वयंपाकघरात गेलो, तिथे कोणीच नव्हतं, परत आलो. दाखवायचं कोणाला? वरच्या मजल्यावरच्या बाईंना? त्या म्हणाल्या असत्या, छान आहे हो, आणि पाण्याची मोटर लावायला सांगितलं असतं.

मग मी डाव्या बाजूला गेलो. पट्टा सरळ होता. नाकापासून शेपटीपर्यंत दोरीत. आधी मला बरंच वाटलं. अगदी खरं सांगतो, छातीवरचा दगड उतरल्यासारखं वाटलं. कारण खऱ्या पाच नंबरचा डावा पट्टा सरळ नव्हता.

आमच्याकडे पट्टा दोघं मारायचे. एक नाकाकडून निघायचा, एक शेपटीकडून, आणि मधल्या खिडकीखाली दोघं भेटायचे. खिडक्यांखालच्या रिव्हेटच्या ओळीपासून बारा इंच खाली खुणा करायच्या, खडूची दोरी ताणायची, टिचकी मारून रेघ उमटवायची, टेप लावायची, रंग मारायचा. जोड नखालाही लागता कामा नये. माझा जोडीदार लंबू. बारा वर्षं तो शेपटीकडून आला आणि मी नाकाकडून, आणि जोड कधी कोणाला सापडला नाही.

मापायला एक लाकडी मापकाठी होती. कोणीतरी तिने डबा उघडायला गेलं होतं आणि शून्याकडच्या टोकाचा एक इंच मोडला होता. नवी मागायची तर तीन अर्ज करावे लागायचे, म्हणून आम्ही तीच वापरायचो. बारा इंच हवे असतील तर तेराच्या आकड्यावर खूण करायची. रंगखात्यातल्या शेंबड्या पोरालाही हे पाठ होतं.

त्या दिवशी लंबूने मागच्या खुणा केल्या, काठी माझ्याकडे दिली, आणि मी बाराच्या आकड्यावर खुणा केल्या. लक्ष कुठे होतं, मला आजही सांगता येत नाही. टेप काढल्यावर दिसलं. मधल्या खिडकीखाली पट्टा इंचभर तुटलेला. माझा पुढचा भाग वर, लंबूचा खाली. मला तिथेच, मचाणावर, काय झालं ते कळलं.

साहेब नवीन होते, ऑफिसातून आलेले. विमान संध्याकाळी जायचं होतं. ते ओरडत आले. "कोणाचं चुकलंय?" कोणी बोलेना. त्यांनी माझ्याच हातातली काठी घेतली आणि पुढे मापलं. बारा. मागे मापलं. तेरा.

"तेरा!" साहेब लंबूला म्हणाले. "डोळे आहेत की बटणं?"

लंबू काही म्हणाला नाही. काठी मोडकी आहे एवढं सांगितलं असतं तरी पुरलं असतं. पण त्याने नुसतं माझ्याकडे बघितलं. तो माझी वाट बघत होता. मी रंगाच्या डब्याचं झाकण बसवत राहिलो.

त्याला स्टोअरमध्ये टाकलं. खिळे आणि फडकी मोजायला. पुढच्या आठवड्यात कॅन्टीनमध्ये भेटला, तेव्हा एकच वाक्य बोलला. "मला वाटलं, तू बोलशील." एवढंच. त्यानंतर त्याने ब्रश धरला नाही. पुन्हा रंगवायचा खर्च कोणी मंजूर केला नाही, पाच नंबर तशाच तुटक्या पट्ट्याने आठ वर्षं उडालं, मग कंपनी बंद पडली आणि ते भंगारात गेलं. दोन वर्षांपूर्वी लंबू गेल्याचं मला अकरा दिवसांनी समजलं. त्याच्या घरी गेलो नाही. कोणत्या तोंडाने जाणार?

म्हणून सरळ पट्टा बघून मला बरं वाटलं. मी विमानाभोवती दोन फेऱ्या मारल्या. तिसऱ्या फेरीत मागच्या दारापाशी थांबलो. लंबूचा पट्टा त्या दाराच्या खालच्या बिजागरीच्या खालून जायचा. इथे तो बिजागरीवरून गेला होता.

पाकोळीने पट्टा सरळ केला होता तो मागचा भाग वर उचलून. म्हणजे माझी चूक प्रमाण धरून लंबूचं बरोबर काम पुसलं होतं. साहेबांनी केलं तेच, दुसऱ्यांदा, आणि या वेळी काहीच वाईट मनात नसलेल्या माणसाने.

त्या दुपारी मी विमान उडवलं नाही. पाकोळीनेही खाली लिहिलं होतं, "काही चुकलं असेल तर सांगा." एका बोटाने लिहायला मला पाऊण तास लागला. "पट्टा मधल्या खिडकीखाली तुटलेला होता. तुम्ही मागचा भाग वर नेलात. मागचा भाग बरोबर होता. चूक पुढे होती. मी तिथे रंगारी होतो." पुढचा भाग कोणाचा, ते लिहिलं नाही. तेवढा धीर झाला नाही.

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. "काका, तुम्ही हे विमान खरंच रंगवलंत? माझ्याकडे तीनच फोटो होते. मला वाटलं, फोटोच वाकडा आहे. आता दोन गोष्टी करता येतील. पुढचा भाग खाली आणून पट्टा सरळ करतो, कोणाला काही कळणार नाही. नाहीतर होता तसा तुटका ठेवतो. तुम्ही म्हणाल तसं. आणि ज्यांनी रंगवलं त्यांची नावं कळवा, माहितीत टाकतो."

पहिल्या गोष्टीत साप मरत होता आणि काठीही तुटत नव्हती. लंबूचा पट्टा जागेवर, माझा दुरुस्त, प्रश्न मिटला. मी तीन दिवस उत्तर दिलं नाही. चौथ्या दिवशी मुलीचा फोन आला, आणि जेवलात का विचारल्यावर मी तिला सगळं सांगितलं. काठी, साहेब, डब्याचं झाकण, सगळं. तीन मिनिटं केव्हाच होऊन गेली होती.

"लंबूकाका?" ती म्हणाली. "ते स्टोअरमध्ये गेले ते यामुळे?"

"हो."

तिने पोरांना टीव्ही बारीक करायला सांगितलं. मग म्हणाली, "बाबा, आता एवढ्या वर्षांनी कोणाला काय फरक पडतो? कोणाला आठवतंय तरी?"

"तेच तर. माझ्याशिवाय कोणालाच नाही. मी गेलो की ती मोडकी काठीच खरी ठरणार."

"मग लिहा ना," ती म्हणाली. आवाज तिच्या आईसारखा झाला होता. "घाबरताय कशाला? आता कोण तुम्हाला स्टोअरमध्ये टाकणार आहे?"

मी लिहिलं. "होता तसा ठेवा. तुटका." नावांच्या जागी लंबूचं पूर्ण नाव लिहिलं, वडिलांच्या नावासकट, हजेरीपटावर असायचं तसं. त्यापुढे, "मागचा भाग. बिनचूक." त्याखाली माझं नाव आणि "पुढचा भाग. माप चुकलं."

आठवड्याने नवी आवृत्ती आली. मधल्या खिडकीखाली इंचभर खोट, अगदी जिथल्या तिथे. मागचा पट्टा बिजागरीखालून शेपटीपर्यंत गेलेला. त्या दिवशी मी पाच नंबर उडवलं. खिडकीतून खाली बघायला कोणी नव्हतं. ढगांच्या वर गेल्यावर मला बायकोची फार आठवण आली आणि लंबूचीही आली. उतरताना पुन्हा गवतात गेलो.

पण गंमत पुढे झाली. लोकांच्या तक्रारी यायला लागल्या. "डावीकडचा पट्टा जुळत नाही, दुरुस्त करा." "आधीची आवृत्ती बरी होती." एकाने लिहिलं, "रंगारी झिंगला होता का?" फुकटचं घ्यायचं आणि वर नावं ठेवायची, माणूस सगळीकडे सारखाच. पाकोळी म्हणाला, "काका, मी उत्तर देऊ का त्यांना?" मी म्हटलं, नको. ते काम माझं आहे.

आता रोज दुपारी जेवण झालं की मी आधी तक्रारी बघतो. कधी एक असते, कधी तीन. प्रत्येकाला वेगळं लिहितो. तेच तेच चिकटवायचं कसं, ते मुलीने शिकवलंय, पण मी तसं करत नाही.

आजही एक होती. "पट्टा मध्येच तुटलाय. कोणाचं काम आहे हे?"

मी चष्मा पुसला आणि एका बोटाने लिहायला घेतलं. "माझं. बारा इंच मोजायचे होते, अकराच मोजले, आणि विचारलं तेव्हा गप्प बसलो. आता कृपा करून मागच्या दारापाशी जा आणि तिथून शेपटीपर्यंत बघा. तो पट्टा माझ्या जोडीदाराने मारलाय. त्यात चूक सापडली तर मला जरूर कळवा."

पाठवलं. आणि तो माणूस तिथे जाऊन बघून येईल, म्हणून बसून राहिलो.