आवाजाचं पंक्चर
माझ्या बहिणीच्या जुळ्या पोरी कॉयरमध्ये गातात. कॉयर म्हणजे, सोळा पोरंपोरी अर्धगोल करून उभी राहतात आणि एकत्र गातात. वाद्य एकही नाही. गाणं हल्लीच कुणीतरी बांधलेलं, त्यात शब्दच नाहीत. नुसता एक ‘आ’. तो चालतो, चालतो आणि चालतच राहतो.

मी पडलो टायरवाला. ट्यूब पाण्यात बुडवायची, बुडबुडा दिसला की तिथं बोट ठेवायचं. मला एकच कोडं पडलं, या पोरांना एवढी हवा पुरते कशी?

थोरलीनं सांगितलं, शेजारचा गात असला की आपण गुपचूप श्वास घ्यायचा, मग आपण गाताना त्यानं घ्यायचा. ऐकणाऱ्याला जोड कळत नाही.

आमच्या पोरींचा घोळ तिथंच होता. या दोघी श्वास एकदमच घ्यायच्या. जन्मापासूनची खोड, शिंकतातसुद्धा जोडीनं. दोघी थांबल्या की आवाजाला भोक. कॉयर शिकवणाऱ्या बाईंनी त्यांना दोन टोकांना उभं करून बघितलं, तरी तेच. शेवटी बाई म्हणाल्या, कार्यक्रमात एकीलाच घेईन, कोणाला ते तुम्हीच ठरवा.

झालं! घरी दोघी जेवेनात. ही म्हणते तू गा, ती म्हणते तूच गा. बहिणीचं डोकं उठलं.

मला आपली वेगळीच उत्सुकता. मी विचारलं, “एवढ्या लांब उभ्या राहून एकदम कसा घेता गं श्वास?”

धाकटी म्हणाली, “मला लागतो तेव्हाच तिलाही लागतो, मामा. तिनं घेतला हे मला नंतर कळतं.”

“आधी कळलं तर?”

दोघी एकमेकींकडे बघत बसल्या. दुसऱ्या दिवशी बाईंच्या मागे लागून एक संधी मागून आल्या, पण शेजारी शेजारी उभं राहायची. बाई कशाबशा तयार झाल्या.

कार्यक्रमाला मी मुद्दाम अगदी कडेची खुर्ची धरली. ‘आ’ सुरू झाला आणि मी कान लावून पंक्चर शोधायला लागलो. एकाचं पोट हलायचं, मग पलीकडच्याचं. आमच्या दोघींचे हात पाठीमागे एकमेकींत अडकलेले. थोरलीनं नख रुतवलं की धाकटी रेटून गायची, तेवढ्यात थोरली श्वास घ्यायची. मग उलट.

हवा कुठंच गळली नाही. आवाज बारीक होत होत कधी संपला तेच कळेना, टाळ्या वाजवायलाही लोक बिचकले.

बाहेर बाईंनी दोघींचे हात उलटेपालटे करून बघितले. तळव्यांवर लाललाल खुणा.

मग म्हणाल्या, “पुढच्या वेळी दोघीही नखं कापून या.”