गडबच्या पुढचा धक्का

पेण सुटलं आणि मी सौभाग्यवतींच्या हातातला चहाचा पेला काढून घेतला. "गडब गेलं की धक्का बसतो. आण इकडे, मी आहे ना!" रूळखात्यातल्या तीस वर्षांच्या अधिकाराने मी पाय रोवले, पेला छातीशी धरला, आणि धक्का आलाच नाही. पाण्यावरून पान सरकावं तशी गाडी पुढे गेली. न आलेल्या धक्क्याला मीच इतक्या जोरात तोंड दिलं, की सगळा चहा तिच्या मांडीवर.

त्या वाफेत मला धर्मादादा दिसले. खांद्यावर हातोडा, हातात चुन्याचा डबा घेऊन रोज सकाळी रूळ तपासत चालणारे आमचे चावीवाले. भातकापणीनंतरच्या उघड्या शेतांत वालाची कोवळी रोपं दवाने वाकलेली असत, आणि त्या धूसर उजेडात त्यांच्या हातोड्याचा नाद दूरवर वितळत जाई. घाव घातला की ते मान कलती करून डोळे मिटत. पोलादाच्या उदरातला अस्फुट हुंदका जणू त्यांनाच तेवढा कळे. "बायकोची हाक मातुर तिसऱ्यांदाच ऐकू येते," असं सांगून स्वतःच हसत.

गडबच्या पुढे शेताचा चिखल रुळाखालच्या खडीतून वर येई आणि तिथे गाडीला धक्का बसे. तिथल्या स्लीपरांवर दादांनी चुन्याच्या रेघा ओढल्या.

"साहेब, वरून खडी ठासून भागायचं नाय. खालची माती काढाय हवी. लिवून घ्या."

"लिहायला कशाला हवं, दादा? मी आहे ना!"

रुळाचे चढउतार मोजून आलेख काढणारी गाडी यायच्या आदल्या दिवशी मी माणसं लावून तिथे वरूनच खडी ठासून घेतली. आलेखावर माझी हद्द नितळ दिसावी, एवढाच मोह. दादा बाजूला उभे होते. म्हणाले, "आजाऱ्याला पावडर लावून डॉक्टरकडं नेताय, साहेब."

मी हसलो. आलेख सुरेख आला, मला शाबासकी मिळाली; आणि त्याच सुरेखपणापायी ती जागा दुरुस्तीच्या यादीतून गळली.

श्रावणात रूळ खचला. लाल निशाण घेऊन धावत जाऊन दादांनीच गाडी थांबवली. चौकशीत प्रश्न आला, चावीवाल्याने हा दोष आधी कळवला होता का? दादांनी माझ्याकडे पाहिलं, अगदी निर्धास्त.

मी म्हणालो, "तशी नोंद नाही."

वाक्य शब्दशः खरं होतं. तेच त्यातलं विष.

त्यांचं चावीवाल्याचं काम काढून त्यांना खडी उपसायला धाडलं. तळव्याने गुळगुळीत झालेला हातोडा त्यांनी माझ्या टेबलावर ठेवला आणि ते वळले. मी हाक मारली. पुन्हा मारली. तिसऱ्यांदाही मारली. पोलादाचा हुंदका ऐकणाऱ्या त्या कानांना माझा आवाज पोचला नाही.

दादा जाऊन पाच पावसाळे झाले. कुणीतरी अखेर ती माती काढली असावी. काळाने त्यांची रेघ मान्य केली, ती ओढणारा हात उरला नसताना. आणि आजची ती धक्का नसलेली शांतता, इतक्या वर्षांनी, त्यांच्या बाजूने साक्ष देऊन गेली.

हे सारं मी बायकोला पहिल्यांदाच सांगितलं. नागोठणं मागे पडलं. रोहा आलं तेव्हा ती ओल्या निऱ्या झटकत उठली.

"डाग जाईल हो," ती म्हणाली. "पण 'मी आहे ना' एवढं यापुढे कुणाला म्हणू नका. मलासुद्धा."