मी वर गेले की हँग होतात

गारखेड्यात माझा टायपिंगचा क्लास आहे. खाली क्लास, वर घर. सव्वीस वर्षांत हजारो पोरं माझ्या हाताखालून गेली आणि त्यातल्या एकाचाही मुलाहिजा मी ठेवला नाही. मी फटकळ आहे, हे सगळ्यांना माहीत आहे. माझ्या तोंडावर कुणी म्हणत नाही, एवढंच.

मार्चमध्ये जुने कॉम्प्युटर मोडीत काढले आणि दहा नवे घेतले. दिले सोमनाथने. सोमनाथ करमाडचा, माझाच विद्यार्थी. टायपिंगमध्ये जेमतेम, पण मशीन उघडायचं म्हटलं की सगळ्यांच्या पुढे. आता त्याने करमाडला दुकान टाकलं होतं आणि माझी ऑर्डर ही त्याची पहिली मोठी ऑर्डर होती. माझ्याकडे मशिनी नीट चाललेल्या पाहिल्यावर शेजारच्या गल्लीतले दोन क्लासवाले त्याच्याकडूनच घेणार, असंही ठरलं होतं.

पहिले काही दिवस छान गेले. मग एका सकाळी दहाचे दहा हँग. माउस हलेना, पडद्यावरचं घड्याळसुद्धा थांबलेलं. बंद करून चालू केले, तर डिस्कमध्ये बिघाड आहे, तपासणी चालू आहे, असं लिहून तासभर नुसते फिरत बसले. नंतर चालू झाले ते असे, की काही घडलंच नव्हतं. आठवडाभर सुरळीत, आणि पुन्हा तेच. कधी सात दिवसांनी व्हायचं, कधी पंधरा. ऊन म्हणावं, तर ढगाळ दिवशीही व्हायचं. धूळ म्हणावी, तर मी रोज स्वतः पुसत होते. माझं डोकं चालेनासं झालं.

सोमनाथ आला, सगळं तपासलं, काही सापडलं नाही. दोन मशिनी दुकानात नेल्या. तिथं आठ दिवस रात्रंदिवस चालवल्या, एकदाही अडकल्या नाहीत. परत आणून लावल्या आणि तिसऱ्या दिवशी हँग. मग त्याने दहाही डिस्का काढून नव्या घातल्या. पुढच्या आठवड्यात नव्या डिस्काही तेच रडगाणं गायला लागल्या.

तो चौथ्यांदा आला तेव्हा सकाळची बॅच भरलेली होती. दहा मशिनींवर दहा पोरं, सहा बाकावर वाट बघत. माझा पारा चढलेला होता. मी म्हटलं, "सोमनाथ, जुन्या डिस्का पुसून नव्या म्हणून लावतोस का रे? गुरूलाच फसवायला निघालास?"

सोळा पोरं वळून बघायला लागली. सोमनाथ खाली बसून वायर जोडत होता. तो उठला, हात पुसले. "मॅडम, तसं नाय," एवढंच म्हणाला आणि गेला. संध्याकाळपर्यंत गोष्ट गल्लीभर झाली. दोन्ही क्लासवाल्यांनी त्याला नको म्हणून सांगितलं. खरं सांगते, तेव्हा मला वाईट वाटलं नाही. बरं झालं, त्यांचं नुकसान वाचलं, असंच वाटलं.

मशिनी मात्र हँग व्हायच्या थांबल्या नाहीत.

अक्षदा म्हणून फर्दापूरची एक मुलगी आहे, इथं हॉस्टेलवर राहते. गरीब गाय, एरवी तोंडातून शब्द निघत नाही. ती एक दिवस म्हणाली, "मॅडम, तुम्ही वर गेल्या की हँग होतात. तुम्ही असल्या की नाय होत."

मला आधी रागच आला. मी गेले की हीच काहीतरी उपद्व्याप करत असणार. पण आठवून बघितलं, तर खरंच होतं. प्रत्येक वेळी मी वरून खाली यायचे आणि पडदे अडकलेले असायचे. मशिनी काय मला घाबरतात? मी ठरवलं, आता क्लासच्या वेळात खुर्ची सोडायची नाही.

पाच दिवस काही झालं नाही. सहाव्या दिवशी नऊच्या सुमारास शेजारच्या साळूबाईंनी भिंतीवरून हाक दिली, "पाणी आलं वो!" आमच्या भागात नळाला पाणी आठवड्यातून एकदा येतं आणि कधी येईल याचा नेम नाही. पहाटे येतं, दुपारी येतं. पाणी आलं म्हटलं की हातातलं टाकून धावायचं, मोटर लावायची, वर जाऊन टाकी आणि ड्रम भरायचे. या कामात मी कुणाला हात लावू देत नाही. त्या दिवशी मात्र मी खुर्चीतूनच आमच्या ह्यांना ओरडून सांगितलं, "अहो, मोटर लावा."

जिन्याखाली खटका पडला. मोटर घुरघुरली. डोक्यावरचा पंखा मंदावला, ट्यूब लुकलुकली आणि माझ्या डोळ्यांदेखत दहाही पडदे जिथल्या तिथे थांबले.

मी मनात एकेक जुळवायला लागले. उन्हाळ्यात जुनी मोटर पाणी ओढेना म्हणून मार्चमध्येच मी दीड हॉर्सची नवी बसवली होती. घराची वायर जुनी, क्लास आणि मोटर एकाच लाइनवर, मोटर लागली की व्होल्टेज पडायचं. पाणी क्लासच्या वेळात आलं की मशिनी अडकायच्या, पहाटे आलं की नाही. यूपीएसच्या बॅटऱ्या केव्हाच मेल्या होत्या आणि सोमनाथने विचारलं तेव्हा "गेल्याच वर्षीच्या आहेत" असं मीच ठोकून दिलं होतं.

दुसऱ्या दिवशी करमाडला गेले. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. टेबलावर माझ्याकडून काढलेल्या दहा डिस्का मांडलेल्या होत्या आणि सोमनाथ त्यातली एक तपासत होता. मला बघून उठला, स्टूल पुढे केलं.

"एक बी खराब नाय, मॅडम," तो म्हणाला. "महिनाभर बघतोय. मालच जुना दिला म्हणून डीलरशी भांडलो, बोलणं तुटलं. आता मलाच कळंना झालंय, माझं काय चुकलं."

मी सगळं सांगितलं. मोटर, पाणी, बॅटऱ्या. चूक माझी, हेही म्हटलं. ते म्हणताना जीभ जड झाली. मग त्याने विचारलं, "हे कुणाकुणाला सांगितलं?"

"कुणालाच नाही. आधी तुझ्याकडेच आले."

"मी चोर नाय, हे मला ठावं व्हतं, मॅडम. त्या सोळा जणांना ठावं नाय."

त्याने चहा मागवला. तो मी कसा प्यायले, आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बॅचसमोर उभी राहून सगळं सांगितलं. बॅच बदललेली होती, त्या सोळांतले सातच उरले होते. बाकीच्यांना फोन केले. कुणी "बरं मॅडम" म्हणालं, कुणाला सोमनाथ कोण तेच आठवेना. एकाने विचारलं, "मग डिस्का जुन्या नव्हत्या का?" त्याला पुन्हा सांगितलं.

शेवटी दोन क्लासवाल्यांपैकी बुद्धभूषण सरांकडे गेले. पाण्यापासून सुरुवात केली, मोटरवर आले, लाइन, बॅटरी, अक्षदा काय म्हणाली ते सगळं सांगितलं. सर भला माणूस. शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"मॅडम, मशिनी आम्ही दुसरीकडून घेतल्या," ते म्हणाले. "आणि राग मानू नका, पण तो चोर आहे हे तुमचं एका वाक्यात पोचलं होतं. तो चोर नाय, हे सांगायला अर्धा तास गेला. माझ्या बायकोला मी हे कसं सांगू? तिनं पुढं आणखी चार जणींना सांगितलंय."

"त्यांना बोलवा," मी म्हटलं.

त्यांनी आत हाक मारली. सरांची बायको पदराला हात पुसत बाहेर आली, खुर्चीवर बसली. मी पुन्हा पाण्यापासून सुरुवात केली.