दोघींत मिळून एक दुर्बीण

मनिला नगर होतं. नगरात सांता क्रूझ नावाचा भाग होता, तिथं घोड्यांच्या शर्यतीचं मैदान होतं, आणि मैदानामागच्या गल्लीत दोघी सख्ख्या बहिणी राहत होत्या. थोरली टिकांग, धाकटी बेबांग. टिकांगला नवरा होता, मोहेंग त्याचं नाव. बेबांगला कोणी नव्हतं, ती वेगळ्या खोलीत एकटीच राहायची, आणि तिला त्याचं फारसं काही वाटतही नव्हतं. आणि दोघींत मिळून एक मी होते. मी त्यांची दुर्बीण बोलतेय.

जन्म माझा जपानातला. कारखान्यात एका बाईनं माझ्या काचांवर फुंकर मारली, मऊ फडक्यानं पुसलं, मला डोळ्यांना लावून खिडकीबाहेर बघितलं. समोरच्या घरावर कुणाचे तरी मोजे वाळत होते. ते स्वच्छ दिसले म्हणून मला पास केलं. मग एका खलाशानं विकत घेतलं. त्यानं माझ्यातून पाणी बघितलं, पाणी आणि नुसतं पाणी, आणि कंटाळून मनिलाच्या बंदरात मला विकून टाकलं. त्याचे उपकारच म्हणायचे. नाहीतर घोडा कसा दिसतो ते मला कधी कळलं नसतं.

मोहेंग मैदानाच्या तबेल्यात घोड्यांना नाल ठोकायचा. घरी आला आणि मला बायकोच्या मांडीवर ठेवून म्हणाला, "रोज मान लांब करून बघतेस. एखाद्या दिवशी मान तशीच राहील." टिकांगनं मला डोळ्यांना लावलं आणि आधी शेजारणीच्या स्वयंपाकघरात बघून घेतलं. बायकांच्या हाती दुर्बीण आली की पहिल्यांदा हेच होतं, त्यात चुकीचं काही नाही.

रविवारी सकाळी चर्चमध्ये प्रार्थना, मग आलं घातलेली गरम भाताची पेज, आणि मग मैदान. स्वस्तातल्या बाकांवर शेवटच्या वळणाजवळ एक खांब होता, त्याची सावली पडायची. ती जागा दोघींची. मी टिकांगच्या गळ्यात, पण डोळे दोघींचे. टिकांगचे डोळे जवळजवळ, बेबांगचे लांब लांब. दर वेळी हात बदलला की मला मधून वाकवायचं, परत सरळ करायचं. माझी कंबर त्यातच ढिली झाली. पण तक्रार नाही.

घोडा निवडायची टिकांगची रीत तबेल्यातली होती. शर्यतीआधी घोडे फिरवून दाखवतात, तेव्हा ती मला लावून बसायची. कान कुठे आहेत, शेपटी घट्ट धरलीय का, मागच्या मांड्यांत पांढरा फेस आलाय का. बेबांगचं सगळंच वेगळं. तिला स्वप्न पडायचं, नाहीतर घोड्याचं नाव आवडायचं, नाहीतर जॉकीचा चेहरा.

"त्याला घाम फुटलाय गं. धावायच्या आधीच त्याचं धावून झालंय," टिकांग म्हणायची.

"फुटू दे. जॉकी बघ, सकाळपासून पोटात काही नाही त्याच्या. त्याला घरी जेवायला जायची घाई आहे, तोच पहिला येणार," बेबांग म्हणायची आणि तिकिटाच्या खिडकीवर जाऊन हट्टानं त्याच घोड्यावर पैसे लावून यायची.

टिकांग थोडं थोडं जिंकायची. बेबांग नेमानं हरायची आणि हरल्यावर दुप्पट हसायची. मला दोघी प्रिय होत्या.

माणसं मला तिथंच कळली. हरलेला माणूस रागानं तिकीट फाडतो, आणि निकालावर कुणी हरकत घेतली की गुडघ्यावर बसून तेच तुकडे शोधतो. प्रत्येक शर्यतीनंतर एकजण तरी म्हणतोच, मी हाच घोडा म्हणत होतो. आणि घोडे शेवटच्या वळणावरून सरळ रस्त्याला लागले की सगळे उभे राहतात, ओळख नसलेली माणसं एकमेकांचे खांदे धरतात. तेवढा वेळ कुणाचं कुणाशी वैर नसतं. हे सुख मी डोळे भरून बघितलं.

मग मोहेंग गेला. छातीचं दुखणं होतं. टिकांगनं काळे कपडे घातले आणि त्याच काळ्या कपड्यांत मैदानावर आली. घोड्यांचे पाय बघितले की नवऱ्याच्या हातचं काम दिसतं, असं ती म्हणाली. बेबांग तिचा हात धरून बसली. त्या दिवशी दोघींनी एकही तिकीट घेतलं नाही.

आणि मग तो अमिहान आला.

अमिहान हा घोडा म्हणजे देहादो. ज्याच्यावर कुणी पैसे लावत नाही, अशा घोड्याला तिथं तसं म्हणतात. टिकांगनं मला लावून बघितलं आणि सांगितलं की ह्याचा पुढचा पाय दुखतोय, ह्याला गाडीला जुंपा. बेबांगनं ऐकलं नाही. पहाटे तिला स्वप्नात आईच्या घरच्या खिडकीतून वारा आला होता आणि अमिहान म्हणजे तिथल्या भाषेत वाराच. पाऊस झाला होता, माती मऊ होती, मऊ मातीत त्या पायाला आराम पडला असेल, कोण जाणे. अमिहान सगळ्यांच्या पुढं आला. इतका पुढं की माझ्यातून बघायची गरजच नव्हती.

आता तिथली एक रीत आहे. जिंकलेल्या माणसानं आसपासच्यांच्या हातावर थोडं थोडं ठेवायचं. त्याला बलातो म्हणतात. दिला नाही तर नशीब रुसतं, आणि नशिबाच्याही आधी माणसं रुसतात.

बेबांगला एवढे पैसे कधी मिळालेच नव्हते. ती वेड्यासारखी वाटत सुटली. शेंगदाणेवालीला दिले, बर्फाचा गोळा विकणाऱ्याला दिले, झाडूवाल्याला दिले, शर्यतीच्या माहितीचे कागद विकणाऱ्या म्हाताऱ्या तेबानला दिले, दाराशी उभ्या असलेल्या पोलिसालासुद्धा दिले. टिकांग बाकावर बसून होती. मी तिच्या मांडीवर, आणि माझ्यावर तिचा हात, तळहात वर करून ठेवलेला. तो हात मागत नव्हता, नुसता उघडा होता. बेबांग तिच्यासमोरून तीनदा गेली. शेवटी आली ती म्हणाली, "अते, चल, घरी जाऊन बोलू." थोरल्या बहिणीला ती अतेच म्हणायची.

टिकांग उठली आणि तिची वाट न बघता एकटी चालत घरी आली.

संध्याकाळी बेबांग रुमालात पैसे बांधून दारात आली. अर्धे तुझे, म्हणाली. आतून टिकांगनं कडी काढली नाही.

"बलातो मैदानावर देतात," ती आतूनच बोलली. "सगळ्यांचं वाटून झाल्यावर घरी आणून देतात, ती भीक."

बेबांग बराच वेळ उभी होती. तिनं एका शब्दानंही समजावलं नाही. तिलाही लागलं होतं. एकाच आईच्या दोघी, मान दोघींची सारखीच ताठ. ती गेली, आणि त्या दिवसापासून दोघींचं बोलणं बंद.

मला कपाटात टाकलं. मोहेंगचे सदरे, कापराच्या वड्या आणि मी. दमट हवा, अंधार. माझ्या डाव्या नळीत बुरशीचा एक धागा धरला आणि हळूहळू जाळं झालं. टिकांग मैदानावर जायची बंद झाली. पण मैदान घराच्या मागंच. रविवारी दुपारी लोकांचा गलका छपरावरून आत यायचा, आणि स्वयंपाकघरातला तिचा डाव हलायचा थांबायचा. गलका विरला की डाव पुन्हा हलायचा. कपाटाच्या आतून मला तेवढंच ऐकू यायचं. अशी काही वर्षं गेली.

एक दिवस तेबान दाराशी आला. टिकांग कच्च्या पपईचं लोणचं करायची, ते न्यायला तो अधूनमधून यायचा. बरणी हातात घेऊन तो तिथंच घुटमळला. मग म्हणाला की बेबांगचे डोळे गेल्यात जमा आहेत. दोन्हीत मोतीबिंदू. तरी दर रविवारी येते, त्याच खांबाशी बसते आणि शेजारच्यांना विचारते, कुठला रंग पुढं आहे. परवा कुणा उडाणटप्पूनं गंमत केली, तुझाच घोडा जिंकला म्हणून सांगितलं. ती हरलेलं तिकीट घेऊन खिडकीवर गेली. मागं माणसं हसत होती.



तेबाननं पुढचंही सांगितलं. चर्चमध्ये बुधवारी डोळ्यांचे डॉक्टर येणार, फुकटात ऑपरेशन करणार. फक्त सोबत घरचं एक माणूस पाहिजे, त्याच्याशिवाय घेत नाहीत. बेबांगनं सांगितलं, माझ्या घरचं कोणी नाही. "मी येतो म्हणालो," तेबान म्हणाला, "तर मला म्हणते, तू तुझे कागद वीक. उगाच कुणाचा भाऊ होऊ नकोस."

तो गेला. टिकांगनं कपाट उघडलं. सदऱ्यांखालून मला काढलं, झग्याच्या टोकानं पुसलं आणि खिडकीत उभी राहून माझ्यातून मैदानाच्या भिंतीकडं बघत राहिली. डावीकडून धुकं, उजवीकडून सगळं स्वच्छ. 

रविवारी आम्ही गेलो. खांबाशी बेबांग बसली होती, तोंड घोड्यांकडं, पण नजर कुठंच नाही. टिकांग तिच्या शेजारी बसली, नमस्कार ना चमत्कार. मला डोळ्यांना लावलं आणि समोर कुणीतरी ऐकत असल्यासारखं बोलायला लागली. हिरव्या टोपीवाला जरा हट्टी दिसतोय, दोरी ओढतोय. लाल टोपीचा घोडा शांत आहे, कान पुढं आहेत. पिवळ्याच्या मांड्यांत फेस.

बेबांगची पाठ ताठ झाली. तिनं मान वळवली नाही. समोर तोंड ठेवूनच विचारलं, "जॉकी कसा आहे लाल टोपीचा?"

"पोटभर जेवलेला दिसतोय."

"मग तो नको."

"तोच घ्यायचा. इतकी वर्षं तुझं ऐकून तुझं काय झालं ते दिसतंय."

बेबांगच्या ओठाचा एक कोपरा हलला. तो मी बघितला. जवळचं मला नीट दिसत नाही, पण तेवढं दिसलं.

लाल टोपीच्या घोड्याचं नाव बितुइन. सगळ्या मैदानाचे पैसे त्याच्यावरच लागलेले, म्हणजे जिंकला तरी हातात येणार चिल्लरच. टिकांगनं स्वतःच्या पैशानं एक तिकीट घेतलं. घोडे सुटले. टिकांग जोरजोरात सांगत होती, कोण आत घुसला, कोण मागं पडला, आणि शेवटच्या वळणावर बेबांगनं तिच्या दंडाला असं धरलं की मी दोघींच्या मधे हिंदकळायला लागले. बितुइन नाकभर अंतरानं जिंकला.

टिकांग खिडकीवर जाऊन आली आणि रीतीप्रमाणं वाटायला लागली. शेंगदाणेवालीला एक नाणं, बर्फवाल्याला एक, तेबानला एक. मग बेबांगकडं आली. जे तिला स्वतःला कधी मिळालं नव्हतं, ते तिनं बहिणीला अगदी मनापासून दिलं. मुठीतलं सगळ्यात मोठं नाणं काढलं आणि बेबांगच्या तळहातावर ठेवलं.

बेबांगनं अंगठ्यानं नाणं चाचपलं. तिचा चेहरा पडला.

"मला बलातो देतेस?" ती म्हणाली. "मी कोण, शेंगदाणेवाली?"

टिकांगला काही कळेना. "अगं, जिंकल्यावर देतात ना? तू तर त्या दिवशी सगळ्या जगाला दिलास. मलाच तेवढा नाही."

"बलातो परक्याला देतात, अते. तुझा तर अर्धा वाटा होता. जिचे पैसे तिलाच बलातो कोण देतं?"

आजूबाजूला पुढच्या शर्यतीची गडबड चालली होती. टिकांग तशीच उभी राहिली.  मग तिनं बेबांगच्या हातावरचं नाणं उचललं आणि बर्फवाल्याला देऊन टाकलं. बर्फवाल्याला दोनदा बलातो मिळाला, तो खूश झाला. उरलेली सगळी चिल्लर तिनं बहिणीच्या झग्याच्या खिशात ओतली आणि शेजारी बसली.

"बुधवारी किती वाजता यायचं?" तिनं विचारलं.

"कशाला?"

"डोळ्याला. घरचं माणूस लागतं म्हणे."

बेबांगनं नाक ओढलं. "सकाळी सहाला. तुला उठवेल का?"

"मी रोज पाचला उठते. लोळतेस ती तू."

बुधवारी त्या दोघी गेल्या, मी घरी होते. टिकांग तिला हात धरून घेऊन आली, डोळ्यावर पट्टी, आणि बेबांगच्या खोलीवर नेलंच नाही, सरळ आपल्या घरी आणलं. पट्टी सुटली तेव्हा बेबांगनं आधी बहिणीकडं बघितलं आणि म्हणाली, केवढी म्हातारी झालीस गं.

आता मीही म्हातारीच. डावी नळी मिटल्यासारखीच आहे, उजवी अजून चालते. माझं मागणं एवढंच, मला पुसताना झग्याचं टोक वापरू नका, चरे पडतात. बाकी मला काही कमी नाही. मोजे बघून मला पास करणाऱ्या त्या बाईचे उपकार, कंटाळलेल्या खलाशाचे उपकार, मोहेंगचे तर फारच. आणि ह्या दोघींचे, कारण त्यांच्यामुळं मी नुसती लांबची वस्तू न बघता आयुष्य बघितलं.

बेबांगनं तिची खोली सोडून दिली. बोचकं, उशी आणि आईची तसबीर घेऊन ती कायमची अतेकडं राहायला आली. भात मऊ करायचा की मोकळा, खिडकी उघडी ठेवायची की लावायची, ह्यावरून त्या घरात सकाळपासून दोन आवाज चालू असतात. गल्लीतली माणसं जाता येता ऐकतात आणि म्हणतात, देवानं ह्या घराला बरे दिवस दाखवले.