मागच्या सीटवरचं वजन

गाडी गॅरेजवाल्याकडे दे, असं मी दादाला हजारदा बजावलं होतं. पण आमच्या घरात गॅरेजचं नाव काढणं म्हणजे बाबांच्या नावाला बट्टा. बाबा जन्मभर ड्रायव्हर, स्वतःच्या गाडीला त्यांनी परक्याचा पाना लागू दिला नाही. बाबा गेले आणि हा हट्ट तेवढा दादाच्या वाटणीला आला. म्हणून सकाळी सकाळी अंगणात गाडीची मागची बाजू स्टँडवर चढवलेली, चाकं भिंतीला टेकलेली आणि माझे हात कोपरापर्यंत काळे.

हे सगळं आईसाठी चाललं होतं. घसरून पडली, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, आणि उद्या तिला घरी सोडणार होते. आमच्या गाडीच्या मागच्या स्प्रिंगा पार बसलेल्या, शॉकअपमधून तेल गळायचं. खड्डा आला की मागे बसलेल्याचं कपाळ छताला. "ही गाडी माझी हाडं मोजते," असं आई म्हणायची, तेव्हा हाडं धड असताना. ॲम्ब्युलन्सचं विचारलं तर खेकसली, "आडवी घालून आणलीत तर गल्लीला वाटेल, गेली म्हातारी. मी बसून येणार, माझ्या गाडीतून!"

झालं. बाईसाहेबांचा हुकूम. दादाने नव्या स्प्रिंगा आणि नवे शॉकअप आणले.

डावी बाजू बिनबोभाट झाली. दादाने शॉकअपचा खालचा बोल्ट सोडला, मी डिकीत शिरून वरचा नट काढला, जॅक हळूहळू उतरवला तशी जुनी स्प्रिंग सुटून हातात आली. नवी तिच्याशेजारी उभी केली तर चांगली दोन बोटं जास्त उंच. दादा म्हणाला, "बघ ढमे, म्हातारीला आता पाळण्यात बसल्यासारखं वाटेल." मी काडीपैलवान, म्हणून घरात माझं नाव ढमी. असले विनोद आमचे.

उजव्या बाजूचा बोल्ट गंजला होता. त्यावर तेल सोडून बसलो होतो, तेवढ्यात आत्याचा फोन आला. ती हॉस्पिटलात आईपाशी होती.

"दादा आहे का गं जवळ?"

"आहे. बोल ना."

"आई गेली गं. पाणी मागितलं तिने. मी ओतायला वळले, तेवढ्यात..."

पुढचं मी ऐकलं असेन, पण आठवत नाही. फोनवर माझी काळी बोटं उमटली होती, ती मी ओढणीने पुसत बसले. ओढणी चांगली होती, खराब झाली. दादाला सांगितलं. त्याने मान हलवली, जणू मी नळाला पाणी आलंय म्हणाले. मग पाना उचलला.

माझं डोकंच फिरलं. "अरे, आई गेली आपली! आणि तुला बोल्टचं पडलंय?"

"मग जायचं कशाने? चाकं भिंतीला आहेत." तो माझ्याकडे बघत नव्हता. "आत्या काय म्हणाली, लगेच देणारेत?"

"कागदपत्रं व्हायचीत. वेळ लागेल म्हणाली."

"मग धर इकडे."

मी धरलं. खरं सांगते, मला काही वाटत नव्हतं. रडू येईल म्हणून वाट बघत होते, पण आतून नुसतं ठणठणीत कोरडं. दादा पान्यावर पाय देऊन उभा राहिला, बोल्ट कुरकुरला आणि सुटला. मला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लाजही वाटली नाही. जुनी स्प्रिंग काढली, नवी बसवली, शॉकअप लावला. एका शब्दाने भांडलो नाही. असं आमच्यात कधी होत नाही. चाकं चढवली आणि गाडी बाबांच्या जाड फळ्यांवर उतरवली.

आता राहिलं शेवटचं आवळणं. बाबांची रीत अशी की खालचे बोल्ट गाडी हवेत असताना कधी पक्के करायचे नाहीत. गाडी चाकांवर उभी हवी आणि मागे माणूस बसलेलं हवं, म्हणजे आतलं रबर पिळवटत नाही. ते माणूस म्हणजे आई. तिच्याइतकं भरभक्कम घरात होतंच कोण! ती विणकाम घेऊन ऐसपैस बसायची. बाबा खालून ओरडायचे, "हलू नकोस गं!" आणि ती सुई न थांबवता म्हणायची, "मी कुठे जातेय!" बाबांनंतर दादा खाली जायचा. संवाद तोच.

दादा पाना घेऊन गाडीखाली सरकला. आणि नेहमीसारखी घराकडे हाक मारली, "आई, बस गं मागे! आवळायचंय!"

घराचं दार उघडंच होतं. आतला पंखा फिरत होता.

दादाचे फक्त पाय दिसत होते. ते अगदी स्थिर होते.   मागचं दार उघडून मी आईच्या जागेवर बसले. तिच्या खुब्यासाठी कालच मी तिथे उशा रचून ठेवल्या होत्या, त्या बाजूला सारल्या. गाडी जराशी खाली गेली. आई बसली की बरीच जायची.

"बसले मी," मी म्हटलं.

 मग पाना बोल्टला लागला.

"पुरत नाही गं तुझं वजन," दादा म्हणाला. आवाज फाटलेला होता.

"माहितीये. आवळ तू."

"हलू नकोस."

"मी कुठे जातेय," माझ्या तोंडून निघून गेलं.

पाना फळीवर पडला. मग माझा भाऊ गाडीखाली लहान पोरासारखा हमसून हमसून रडायला लागला, आणि मी आईच्या जागेवर बसून राहिले. बोल्ट अजून आवळायचे होते, म्हणून हलले नाही.