बुचावरची खाच

"हात नका लावू हं, मर्व," टेबलापलीकडून संयोजक हेझलबाई म्हणाल्या. "फोटो काढायचेत अजून."

मर्वने हात मागे घेतला. नजर मात्र तिथंच अडकून राहिली. कूरान गावाच्या वार्षिक शेतकी प्रदर्शनात, पत्र्याच्या मंडपात, मुरंबे आणि विणलेल्या टोप्या यांच्यापलीकडे घरी केलेल्या बिअरच्या बाटल्या मांडल्या होत्या. दुकानात डब्यात मिळणाऱ्या तयार पाकापासून केलेल्या फिकट लागर बिअरचा गट वेगळा होता. त्यातल्या पहिल्याच बाटलीच्या गळ्यात पहिल्या बक्षिसाची निळी फीत होती आणि खाली चिठ्ठी: क्लॅरेन्स पॉडमोर.

क्लॅरी! नगरपालिकेच्या पाण्याच्या पंपांवर दोघांनी चौतीस वर्षं एकत्र काढली होती. मर्वला आधी आनंदच झाला. पठ्ठ्याने गुपचूप बिअर करायला घेतली की!

मग त्याला बूच दिसलं. पत्र्याच्या त्या बुचाच्या कडेला बारीक खाच होती, नखाने दाबल्यासारखी. मर्वचं बुचं दाबायचं हातयंत्र एकदा सिमेंटच्या जमिनीवर पडलं आणि त्याच्या जबड्याचा टवका उडाला. तेव्हापासून त्याच्या प्रत्येक बुचावर ती खाच उमटत होती. गावात दुसऱ्या कोणाच्या बुचावर ती येणं शक्य नव्हतं.

"परीक्षकांना खरंच वाटेना, दुकानातल्या सगळ्यात स्वस्त डब्याची आहे म्हणून," हेझलबाई रंगात आल्या. "क्लॅरी म्हणाला, लोक पंधरा दिवसांत पितात, मी बारा आठवडे थांबतो. आणि ऐका तर, पाक ढवळताना म्हणे स्तोत्र म्हणतो! क्लॅरी आणि स्तोत्र! आम्ही हसून हसून बेजार."

मर्वही हसला. हसावं लागलं.

स्तोत्र नोलाचं होतं, त्याच्या बायकोचं. डब्यातला काळा पाक, किलोभर साखर आणि कढत पाणी पिंपात ओतलं, की ती लाकडी पळी हातात घ्यायची आणि ढवळायला लागायची. घड्याळ नाही, काही नाही. स्तोत्राची तीन कडवी पुरी झाली की हात थांबायचा. चर्चमध्ये तिचा आवाज मागच्या बाकापर्यंत जायचा, पण इथं ती हलकेच गायची, जणू पिंपात कोणी तान्हं निजलंय. नोला गेली त्याला सहा वर्षं झाली. आता ढवळताना मर्वच गुणगुणायचा. सूर नव्हता, भाव होता.

दर वर्षी प्रदर्शनाचा अर्ज तो दोघांच्या नावाने भरायचा. 'नोला आणि मर्व्हिन टिबिट.' आणि दर वर्षी क्लॅरी त्याला परावृत्त करायचा.

"अरे, डब्यातल्या बिअरला नाकं मुरडतात ते. स्वतःचं हसं करून घे हवं तर, पण नोलाचं कशाला?"

नोलाचं हसं नको, म्हणून अर्ज खणातच राहायचा. यंदाचाही तिथंच होता.

रविवारी प्रार्थनेनंतर क्लॅरी नेहमीसारखा आला. रिकाम्या बाटल्या विसळून, दुधाच्या क्रेटमध्ये घालून. हा त्यांचा शिरस्ता. विसळलेली बाटली परत आली, की त्या जागी भरलेली जायची.

"गेला होतास का रे प्रदर्शनाला?" क्लॅरीने क्रेटकडे बघत विचारलं.

"गेलो होतो."

क्लॅरीने टोपी काढली, पुन्हा घातली. "अरे, गंमत म्हणून टाकली रे. हेझल मागंच लागली, गट भरत नाही म्हणाली. तुला सांगणारच होतो."

"स्तोत्राचंही गंमत म्हणूनच सांगितलंस?"

 शेजारच्या अंगणात कोणीतरी गवत कापायचं यंत्र सुरू केलं, बंद केलं.

"आता पंचाईत अशी झालीय," क्लॅरी अखेर म्हणाला, "पुढच्या महिन्यात विभागाची फेरी आहे. त्याच पिंपातल्या दोन बाटल्या लागतात. माझ्या तर संपल्या. गावाचं नाव आहे रे, मर्व. आता मागं कसा सरू?"

मर्व उठला. घराखालच्या गार तळघरात गेला, दोन बाटल्या घेऊन आला, धूळ पुसून क्रेटमध्ये ठेवल्या. मग भिंतीवरच्या खिळ्याला टांगलेलं, बुचं दाबायचं ते दोन दांड्यांचं यंत्र काढलं आणि बाटल्यांवर आडवं ठेवलं.

"हे कशाला?"

"बुचावर खाच आहे याची. तिथले परीक्षक बारीक बघतात. घरी यंत्र नसलं तर पकडला जाशील."

"मर्व, असं नको रे करू. शिव्या घाल हवं तर."

"आणि तिसरं कडवं नीट पाठ कर," मर्व म्हणाला. "नोला तिथं सावकाश व्हायची."

 क्लॅरीने क्रेट उचललं. फाटकापर्यंत बाटल्या एकमेकींवर किणकिणत गेल्या.

मर्व खाली आला. हिवाळ्यात लावलेलं दुसरं पिंप आज बाटल्यांत भरायचं होतं. धुतलेल्या तीस बाटल्या उपड्या निथळत होत्या. वाडग्यात नवी बुचं मोजून ठेवलेली होती. त्याने स्टूल ओढलं, तोटी सोडली. एकेक बाटली तिरपी धरून, फेस येऊ न देता, गळ्यापर्यंत भरली. दर वेळी भरायचा तशीच. तिसाव्या बाटलीनंतर तोटी बंद केली, हात पुसले.

बाटल्या भिंतीला लागून ओळीने उभ्या होत्या, उघड्या तोंडाच्या; बुचं दाबायचं यंत्र क्रेटबरोबर गेलं होतं. मर्वने वाडग्यावर स्वच्छ फडकं झाकलं आणि दिवा मालवला.