सोनोग्राफीच्या खोलीतलं स्टूल

‘सावकाश, आधी पाय स्टुलावर ठेवा,’ हे वाक्य मी अकरा वर्षं ऐकलं. ते स्टूल म्हणजे मी. दोन पायऱ्यांचं, लोखंडी, तेव्हा मुक्काम पिंपळे गुरव, एका दवाखान्यातली सोनोग्राफीची खोली.

जन्म माझा चाकणचा. गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका शेडमध्ये ज्योतीराम नावाच्या वेल्डरने उरलेल्या पाइप-पत्र्यातून मला जेवणाच्या सुट्टीत जोडलं. चौथा पाय जोडताना भोंगा झाला, म्हणून तो जरा आखूड राहिला. पुढे शेडच्या मालकाच्या सुनेला दिवस गेले. डॉक्टर मॅडमच्या उंच पलंगावर चढायला काहीच नाही हे तिने घरी सांगितलं आणि मालकाने मला टेम्पोत टाकून तिथे धाडलं.

माझ्यावरून हजारो बायका वर गेल्या. त्यांचे नवरे पडद्याकडे बघत ‘हो हो, दिसलं’ म्हणतात. त्यांना काहीही दिसलेलं नसतं. सासवा पडद्याच्या वाटेला जात नाहीत, त्या थेट मॅडमचा चेहरा वाचतात. मुलगा की मुलगी हे तिथे सांगत नाहीत. तो गुन्हा आहे आणि तसा कायदा का करावा लागला हे मला, स्टूल असूनही, ठाऊक आहे. मॅडम फक्त ‘बाळ’ म्हणतात.

त्या खोलीत मला सगळ्यात जास्त वापरलं ते सिस्टर भाग्यश्रीने. तिची उंची चार फूट सहा इंच. वरच्या फळीवरची रजिस्टरं काढायला ती दिवसातून वीसदा माझ्यावर चढायची. ‘स्टूल सोबतच मिळालं का?’ असं कुणीतरी विचारायचंच. ‘हो, वॉरंटीसकट,’ म्हणून ती कामाला लागायची.

गेल्या वर्षी चऱ्होलीची मंजुषा आली. पहिलटकरीण. तिसऱ्या महिन्यातच बाळाच्या मानेमागे सूज दिसली. मग पोटातून सुईने पाणी काढून तपासायला पाठवलं. रिपोर्टाच्या दिवशी नवरा अजिंक्य पहिली शिफ्ट बुडवून आला आणि सासूबाई सोजराबाईही आल्या. खुर्च्या दोनच, त्यामुळे सोजराबाई माझ्यावर बसल्या.

मॅडम म्हणाल्या, “आपल्या पेशींत शेहेचाळीस गुणसूत्रं असतात. या बाळात एक कमी आहे. याला टर्नर म्हणतात. बुद्धी सहसा चांगली असते. हृदय आत्ता ठीक दिसतंय, तरी पुढेही बघत राहावं लागेल. उंची कमी राहील. पाळी बहुधा आपणहून येणार नाही, गोळ्या द्याव्या लागतील. मूल होणं अवघड.”

“पाळी?” सोजराबाई म्हणाल्या. “म्हंजी पोरगी हाय.”

मॅडमनी छताकडे बघितलं. छताला एक पंखा आहे, तो बंद होता.

“मी तसं काही म्हटलेलं नाही.”

“न्हाई. तुमी न्हाई म्हणलात.”

मग मॅडम मंजुषाकडे वळल्या. “ठेवायचं की नाही, हे तू ठरवायचंस. कायद्याने चोवीस आठवड्यांपर्यंत मुदत आहे. आज वीस झालेत.”

अजिंक्य बुटाकडे बघत होता. “आई म्हणंल तसं,” तो म्हणाला. मला त्याचा राग आला.

मंजुषाने रिपोर्ट घडी करून पर्समध्ये ठेवला. “मॅडम, कागदावर सगळं वाईटच दिसतंय. असं मोठं झालेलं माणूस तुम्ही बघितलंय का कुठे?”

“मी आहे,” भाग्यश्री म्हणाली. ती जेलची बाटली पुसत होती, ती तिने पुसून पूर्ण केली. “मला तेच आहे.”

अकरा वर्षांत हे तिने तिथे कुणाला सांगितलं नव्हतं. मॅडमनासुद्धा नाही, हे त्यांच्या तोंडावरून दिसत होतं.

सोजराबाईंनी चौकशी सुरू केली. “कधी कळलं तुला?”

“बाराव्या वर्षी. तोवर उंची वाढावी म्हणून आई रोज शेवग्याच्या शेंगा खायला घालायची. अजून मला वास सहन होत नाही.”

“लगीन?”

“झालंय. नवरा चाकणला कंपनीत आहे.”

“लेकरं?”

“नाहीत, आजी.”

“मग नवरा काय म्हणतो?”

“सेकंड शिफ्ट असली की डबा लवकर भर म्हणतो.”

भाग्यश्री रजिस्टर काढायला फळीपाशी आली आणि थांबली, कारण माझ्यावर सोजराबाई होत्या. त्या उठल्या. भाग्यश्री चढली, रजिस्टर काढून खाली उतरली. सोजराबाई तिच्या पावलांकडे बघत होत्या.

“घरी जाऊन कळवतो,” असं म्हणून तिघं गेली.

कळवलं कुणीच नाही. चोवीस आठवडे उलटून गेले, तरी भाग्यश्रीने फोन लावला नाही. त्यांच्यावर आपलं ओझं नको, असं ती मॅडमना म्हणाली. दार उघडलं की मात्र मान वळवायची. मला मंजुषाच्या पोटातल्या पोरीची काळजी लागून राहिली होती. लोखंडाला कसली काळजी, असं कुणी म्हणेल, पण लागली होती खरी.

अठ्ठाविसाव्या आठवड्यात एक पाऊल माझ्यावर पडलं. भार ओळखीचा होता, फक्त पाच किलोंनी वाढलेला. मंजुषा.

“उशीर झाला का?” तिने विचारलं.

“नाही,” भाग्यश्री म्हणाली आणि कागद शोधायला विनाकारण बाहेर गेली.

त्याच आठवड्यात बटण दाबलं की खाली येणारा पलंग यायचा होता, भाग्यश्रीसाठी ॲल्युमिनियमची शिडी आली होती, आणि मला भंगारात द्यायचं ठरलं होतं. ते ऐकून मंजुषासोबत आलेल्या सोजराबाई म्हणाल्या, “भंगारात कशाला? आमाला द्या. कडीला हात पुरायचा न्हाई आमच्या पोरीचा.”

मॅडम पुन्हा पंख्याकडे बघत राहिल्या.

आता मी चऱ्होलीत, सहाव्या मजल्यावर, मोरीच्या दाराशी आहे. बाळंतपण पुढच्या महिन्यात. अजिंक्यने परवा गुलाबी ऑइलपेंटचा डबा आणि ब्रश आणून माझ्याशेजारी ठेवलाय. त्याला कुणीतरी सांगा, रंगवलेल्या पत्र्यावर ओला पाय सरकतो. मला आहे तसंच राहू द्या. पोर चढणार आहे.